लॅटिन नावाची नोंद

हळदीच्या पुडीवर ‘शास्त्रीय नाव : कुर्कुमा लोंगा’ असे ठसठशीत अक्षरांत छापायचे आणि त्याच्याच खाली ‘शंभर टक्के शुद्ध’ असा निर्वाळा द्यायचा, जणू पहिल्या ओळीवरून दुसरी आपोआप सिद्ध होते, अशी एक चाल अलीकडे पडली आहे; आणि २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर हिंगोली जिल्ह्यात तरी हा प्रकार तपासून पाहण्याची वेळ आली आहे. याउलट, ज्या कंदाला आपल्या पूर्वजांनी हरिद्रा म्हटले त्याची ओळख रोमन लोकांच्या भाषेत का द्यायची, असा संतप्त सवाल करणारा दुसरा पक्षही आहे. हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी भासतात खरे, परंतु दोघांची समजूत एकच आहे : लॅटिन नाव हा बहुमान आहे, एकाला तो मिरवायचा आहे, दुसऱ्याला तो नाकारायचा आहे. माझ्या मते तो बहुमान नव्हेच. ती दप्तरातील एक नोंद आहे, आणि ती कशी झाली हे ध्यानात घेतल्यावाचून तिच्याकडून काय मागावे व काय मागू नये हे कळावयाचे नाही.

आरंभीचा इतिहास सर्वपरिचित आहे. गार्सिया द ओर्टाने १५६३ साली गोव्यात आपले वनौषधींवरील संवाद पोर्तुगीजमध्ये छापले, पण युरोपातील पंडितांनी ते वाचले क्लूसियसने चार वर्षांनी काढलेल्या लॅटिन संक्षेपात. ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाले तेही लॅटिनमध्येच, जरी त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. ‘मृत भाषा बदलत नाही, यास्तव शास्त्रज्ञांनी ती निवडली’ हे जे स्पष्टीकरण आपण शाळेपासून घोकतो, ते म्हणूनच उलटे आहे. त्या काळी लॅटिन विद्वानांत जिवंत होती. परमुलखातील अभ्यासकापर्यंत ग्रंथ पोचवायचा तर दुसरी वाट नव्हती. स्थैर्याचा लाभ मागाहून पदरात पडला.

खरा गैरसमज आहे तो पुढच्या वळणाविषयी. लिनियसने सजीवांना लॅटिन नावे दिली असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः लॅटिन नावे त्याच्या आधीही होतीच. फक्त ती नावे नसून वाक्ये होती. पानांचा आकार, शिरांची मांडणी, फुलांचा तुरा, असे जातीचे सारे वेगळेपण त्या वाक्यात साठवायचे, आणि शेजारची नवी जात सापडली की जुने वाक्य अपुरे पडले म्हणून त्यात आणखी विशेषणे घालायची, असा तो व्यवहार होता. नाव म्हणजेच वर्णन, ही त्याच्या मुळाशी असलेली श्रद्धा. लिनियसचीही तीच होती. १७५३ च्या ‘स्पेसीज प्लांटारुम’मध्ये त्याने वर्णनवाक्यालाच खरे नाव मानले, आणि केवळ सोयीसाठी, स्मरणाला आधार म्हणून, प्रत्येक जातीपुढे समासात एकेक शब्द छापला. शास्त्राने पुढे वाक्ये टाकून दिली आणि समासातला तो शब्द उचलला. नाव आणि ज्ञान यांची जी फारकत लिनियसच्या मनातही नव्हती, ती त्याच्या समासात घडली.

याचा पुरावा त्या ग्रंथाच्या दुसऱ्याच पृष्ठावर आहे, कारण हळद तिथेच आहे. कुर्कुमाच्या दोन जाती तिथे दिल्या आहेत : एकीपुढे ‘रोटुंडा’, म्हणजे वाटोळी, आणि दुसरीपुढे ‘लोंगा’, म्हणजे लांब. पुढे वाटोळी कुर्कुमा त्या प्रजातीची नव्हे असे ठरून बोएसेनबेर्गियात गेली. जिच्या तुलनेने हळद लांब ठरली होती तीच निघून गेल्यावर लांबीला अर्थ उरला नाही, तरीही ‘लोंगा’ कायम राहिले. चिंचेच्या नावात ‘इंडिका’ आहे, आणि चिंच मूळची आफ्रिकेची. तिचे नाव दुरुस्त करावे असे कोणाही वनस्पतिशास्त्रज्ञाला वाटत नाही. कडुनिंबाचे ‘आझाडिराक्टा’ तर फारसीतून आलेले. हे लॅटिन म्हणजे केवळ पेहराव आहे. शेताचा गट नंबर वाचून जमीन काळी की मुरमाड हे कळत नाही, पण त्या नंबरावाचून खरेदीखत होत नाही आणि फेरफारही नोंदला जात नाही. द्विनाम पद्धतीतील नावाचे काम नेमके एवढेच आहे.

नंतरचे शतकभर नियम झाले : १८६७ साली पॅरिसला द कांदोलचे, १९०५ साली व्हिएन्नाचे, ज्यांनी १७५३ हा वनस्पतिनामांचा आरंभबिंदू मानला. नाव वर्णनाला नव्हे, तर संग्रहालयात जपलेल्या एका नमुन्याला बांधावे, ही रीत विसाव्या शतकात पक्की झाली. वालेटनने १९१८ साली हळदीला ‘कुर्कुमा डोमेस्टिका’ म्हटले, अनेक ग्रंथांनी ते स्वीकारले, आणि अखेर लिनियसची जुनी नोंदच ग्राह्य ठरली. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच हवे, हे बंधन १९३५ पासून होते. २०१२ च्या जानेवारीपासून ते उठले आणि इंग्रजी वर्णनही चालू लागले. भाषा म्हणून लॅटिन गेली, दप्तर राहिले. लॅटिनच्या पावित्र्यावर ही व्यवस्था उभी असती तर त्या दिवशी ती कोसळली असती.

आता पुडीकडे वळू. कुर्कुमा लोंगा हे नाव सेलम आणि राजापुरी यांत भेद करत नाही. हळद चांगली शिजली की कच्ची राहिली, वाळवण पुरते झाले की नाही, कुर्कुमिन किती, भेसळ आहे की नाही, यांपैकी कशाचीही ग्वाही ते देत नाही. वसमतचा शेतकरी बेण्यासाठी जेठे गड्डे निराळे काढतो, बगल गड्डे निराळे, हळकुंडे शिजवायला निराळी. हे पीक बी धरत नाही, गड्ड्यापासूनच गड्डा होतो, त्यामुळे ही निवड म्हणजेच त्याचे वाणसंवर्धन आहे. हे ज्ञान लॅटिन नावात नाही, आणि असावे अशी अपेक्षाही नाही. मात्र आंबेहळद म्हणून दुकानात कधी एका जातीचा कंद हाती येतो, कधी दुसऱ्या, तेव्हा औषध देणाऱ्याला त्याच नोंदीकडे धाव घ्यावी लागते.

जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७ साली रद्द करवले, ते जुन्या ग्रंथांचे दाखले पुढे ठेवून. त्या दाखल्यांतली हरिद्रा आणि पेटंटातली हळद एकच वनस्पती आहे हे दोन्ही पक्षांना मान्य होते, म्हणून ते दाखले चालले. आणि मुलखामुलखांतली नावे एका वनस्पतीपाशी आणून ठेवण्याचे काम अडीचशे वर्षे त्या परकी म्हणवल्या जाणाऱ्या नावाने केले आहे. हरिद्रेच्या कैवाऱ्यांनी तिच्या या साक्षीदारालाच हाकलून देऊ नये. पुडीवर लॅटिन नाव खुशाल असावे. पण वाण, गाव, हंगाम आणि तपासणीचा आकडा या चार नोंदी त्याच्याखाली नसतील, तर ती जागा रिकामी ठेवल्याचा दोष लिनियसचा नसून छापणाऱ्याचा आहे.