शिपायाचे मरण आणि गावचे दप्तर

महाराष्ट्रातील गावाचे दप्तर मुळात महसुलासाठी मांडले गेले, त्यामुळे त्यात शेताचा बांध जितका नेमका सापडतो तितका त्या शेताचा धनी सापडत नाही. जन्म-मृत्यूची नोंद ज्यात होत असे तो गाव नमुना १४, ज्याला लोक अजूनही कोतवाल बुक म्हणतात, आज मुख्यतः जातीच्या दाखल्यासाठी जुनी नक्कल हवी असली की तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून बाहेर येतो. अशा नोंदींमागचे तत्त्व साधे आहे, ते म्हणजे घटना जेथे घडली तेथेच ती नोंदवायची, आणि १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानेही तेच कायम ठेवले. परिणामी १९१६ साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या सातारा-रत्नागिरीकडील शिपायाचा जन्म गावच्या वहीत असू शकतो, पण त्याच्या मृत्यूला त्या वहीत रकाना नसतो. त्याच्या नावावर जमीन असेल तर वारसाची नोंद लागते, फेरफार होतो आणि एवढ्या आडवाटेने त्याचे मरण दप्तरात शिरते. जमीन नसेल तर तेवढ्यानेही नाही.

युद्धस्मारकाचा विचार करताना ही बाब सहसा कोणी ध्यानात घेत नाही. स्मारक म्हणजे वास्तू, आणि ती उभारणे हे सरकारचे किंवा सैन्याचे काम, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दगड कोणत्या तरी गावठाणातच उभा राहतो, त्याला जागा कोणी तरी ठराव करून द्यावी लागते, त्याच्या भोवतीचे गवत कोणी तरी काढावे लागते, आणि त्यावर कोणाची नावे कोरायची हे कोणी तरी आधी शोधून काढावे लागते. ही सगळी कामे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, म्हणजे ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांसारख्या लोकनियुक्त मंडळाच्या, रोजच्या कारभारात मोडतात. स्मारक ही आधी नोंद असते आणि मग वास्तू होते. ज्या गावाने नोंद केली नाही तेथे वास्तू उभी राहिली तरी ती काही वर्षांत निव्वळ कट्टा होऊन जाते.

महाराष्ट्राला युद्धस्मारक ही कल्पना परक्यांनी शिकवलेली नाही. गावोगावच्या देवळांबाहेर वीरगळ उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या नावे उभारलेली, आडव्या चौकटींत कोरलेली शिळा, जिच्या तळच्या चौकटीत बहुधा वीर पडलेला असतो आणि कधी त्याच्या शेजारी पळवून नेल्या जाणाऱ्या गाईही असतात, मधल्या चौकटीत लढाई चाललेली असते, तिच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरून हे स्मरण ते दोघे असेपर्यंत टिकेल अशी ग्वाही दिलेली असते. वीर कशासाठी मेला हे या शिळेवरून स्पष्ट कळते, पण तो कोण होता हे कळत नाही, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेखच नाही. गावाला नाव ठाऊक होते म्हणून ते कोरण्याची गरज भासली नसावी, आणि ज्या पिढीला ठाऊक होते ती गेल्यावर शिळेला शेंदूर लागून तिचा देव झाला. स्मरणाची ही एक तऱ्हा झाली आणि ती अगदीच वाया गेली असे म्हणता येत नाही, कारण शेंदराने का होईना दगड जागेवर राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर गावांत दुसऱ्या तऱ्हेचा दगड आला. या युद्धात १३ लाखांच्या आसपास हिंदी माणसे कोणत्या ना कोणत्या नात्याने गेली आणि त्यांतली सुमारे ७४,००० परतली नाहीत. ज्या गावांतून रंगरूट मोठ्या संख्येने गेले होते तेथे वसाहतीच्या सरकारने एका साच्याच्या इंग्रजी पाट्या बसवल्या. या गावातून १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धावर इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांचा मजकूर असे, आणि गावागावानुसार बदलत तो फक्त आकडा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव, ज्याला आज ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून सगळे ओळखतात, त्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावली आणि तेथेही सरकारने स्मारक उभारले. या पाट्यांमागची यंत्रणा पाहिली म्हणजे त्यांची भाषा इतकी कोरडी का याचा उलगडा होतो. भरतीसाठी माणसे पुरवण्याचे काम मामलेदारापासून पाटलापर्यंतच्या महसुली साखळीनेच केले होते, आणि ज्या साखळीने सारा मोजला, पीक मोजले, रंगरूट मोजले, तिच्याच हिशेबाच्या रीतीने मेलेली माणसेही मोजली गेली. पाटी ही एका अर्थी पोचपावती होती.

तरीही त्या आकड्यात एक गोष्ट नकळत साधली गेली होती, जी नंतरच्या नावांच्या फलकांना नेहमीच साधलेली नाही. सैन्यातील पलटणी जातींच्या नावांवर उभ्या होत्या. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली, माणसे कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी झाली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली गेली आणि महार रेजिमेंट पुन्हा स्थापन झाली ती दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली. पण गावच्या पाटीवर ‘या गावातून’ एवढेच शब्द असल्यामुळे गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा शिपाई एकाच बेरजेत आला. आता जेव्हा एखादी ग्रामपंचायत त्या बेरजेची नावे शोधायला बसते तेव्हा पहिली अडचण येथेच येते, कारण ज्या घराण्याकडे जमीन, वाडा आणि जुने कागद आहेत त्याचा शिपाई चटकन सापडतो आणि ज्याच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्याचा सापडत नाही. नावांची यादी म्हणजे न्याय, असे गृहीत धरून चालत नाही ते यामुळेच.

नाव आणि आकडा यांतला हा भेद साम्राज्यानेही पाळला होता, आणि तोही शिपाई कोठे मेला त्यावरून. १९१७ साली स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनचे, म्हणजे युद्धातील मृतांच्या थडग्यांची आणि स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाचे, जाहीर तत्त्व असे होते की हुद्दा, वंश वा धर्म न पाहता सर्व मृतांना सारखी वागणूक मिळावी. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरली गेली. इराकातील बसऱ्याच्या स्मारकावर मात्र गोऱ्या शिपायांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांची आली आणि साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या आली. मेसोपोटेमियातील कूत येथे १९१५च्या डिसेंबरपासून १९१६च्या एप्रिलपर्यंत वेढ्यात अडकलेल्या आणि शेवटी शरण गेलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. त्यांतल्या ज्या शिपायांना ना थडगे मिळाले ना परतीची वाट, त्यांच्यासाठी हाच आकड्यांचा दगड होता. मंडळाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये स्वतःच मान्य केले की आफ्रिका आणि आशियातील किमान १,१६,००० मृतांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत, किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, आणि खरा आकडा ३,५०,०००पर्यंत असू शकतो. एरवी अशा दगडाला स्थिर समजण्याचेही कारण नाही, कारण बसऱ्याचे ते स्मारक १९९७ मध्ये इराक सरकारच्या हुकुमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटर दूर नेऊन ठेवले गेले.

येथे दुसऱ्या महायुद्धातील एका शिपायाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण मेला वा जखमी झाला. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर चालून गेले, हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा या दोघांनाही निकामी केले, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नवी गोळ्यांची पेटी भरायला वेळ नाही असे दिसताच बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. काबीज केलेल्या त्याच ठाण्यावर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांचे थडगे सापडलेले नाही, आणि कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे.

इटलीत गावाच्या स्थानिक सत्तेला ‘कोमूने’ म्हणतात आणि आपल्याकडे ग्रामपंचायत व नगरपालिका असा जो भेद आहे तो तेथे नाही. पेरूजा प्रांतातील मोंतोने या छोट्या डोंगरी गावाच्या कोमूनेने, इटालियन युद्धेतिहासकारांच्या सहकार्याने, जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावे एक छायायंत्र, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारे सूर्यघड्याळ, उभारले आणि सर्वजण एकाच सूर्याखाली राहतात अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर घातले. ज्या गावाशी त्या शिपायाचे ना रक्ताचे नाते ना भाषेचे, त्याने हे करावे यात कौतुकापेक्षा अधिक काही आहे. त्या भागातील लढाई हा तेथील लोकांच्या स्वतःच्या इतिहासाचा भाग असल्यामुळे त्यात मेलेला परदेशी शिपाई त्यांच्या हिशेबात आपोआप येतो. माणगावात घाडगे यांचा पुतळा तहसील कार्यालयाच्या आवारात आहे, जेथे सातबाऱ्यासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, वारसाच्या नोंदीसाठी तालुक्याची माणसे खेटे घालतात. ही जागा कोणाला गैरसोयीची वाटेल. पण स्मारक लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असावे हे खरे असेल, तर तालुक्यात याहून योग्य जागा मिळणे कठीण होते.

स्वतंत्र भारतात गावपातळीवरील स्मारकांचा सर्वांत मोठा कार्यक्रम २०२३च्या ऑगस्टमध्ये ‘माझी माती, माझा देश’ या नावाने झाला. देशासाठी प्राण वेचलेल्यांच्या नावांचा शिलाफलक ग्रामपंचायतीने बसवावा, ७५ रोपांची अमृत वाटिका लावावी आणि गावची माती कलशातून दिल्लीला पाठवावी, असे त्याचे स्वरूप होते. नावे कोरायला गावाला सांगितले गेले, ही १९१९च्या पाटीपेक्षा निश्चितच पुढची पायरी होती. मात्र साचा याही वेळी वरूनच आला आणि मुदतही वरूनच आली, त्यामुळे कोतवाल बुक, शाळेचे जुने रजिस्टर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडील निवृत्तिवेतनाचे कागद आणि घरोघरच्या पेट्यांतली पदके पडताळून यादी करण्याचे काम, जे खरोखर एखाद्या वर्षाचे आहे, ते काही आठवड्यांत उरकावे लागणे क्रमप्राप्त होते. आणि फलक बसल्यानंतरचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा हा प्रश्न तर उरतोच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील नियमित अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, म्हणजे दुसरीकडे वळवता येत नव्हती. उरलेल्या अबंधित रकमेवर रस्ता, दिवाबत्ती, शाळेची भिंत या सगळ्यांचा डोळा असतो, आणि या रांगेत फलकाच्या साफसफाईला पुढे घुसवणारा सदस्य क्वचितच निवडून येतो.

याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे. ही महायुद्धे कोणाची होती, आणि परकीय सत्तेच्या पगारावर मेलेल्या माणसाचे स्मारक स्वतंत्र देशाच्या ग्रामपंचायतीने का सांभाळावे, असा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारणे गैर नाही. टिळकांनी पहिल्या महायुद्धात भरतीला पाठिंबा देताना स्वराज्याचे मोल मागितले होते आणि गांधीजी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात रंगरूट मिळवत हिंडले होते, हे उत्तर म्हणून सांगता येते, पण ते पुरेसे नाही. कारण शिपाई त्या राजकारणासाठी गेलाच होता असे दाखवता येत नाही. पगार, दुष्काळ, घराण्याची रीत, पाटलाचा दबाव आणि प्रतिष्ठेची आस यांतून तो गेला. त्याच्या हेतूचा निवाडा करण्याचे काम इतिहासकारांनी करावे. ग्रामपंचायतीपुढचा प्रश्न पुष्कळ लहान आहे. आपल्या हद्दीत जन्मलेला एक रहिवासी कोठे आणि केव्हा मेला याची नोंद तिच्याकडे असावी की नसावी, एवढाच तो आहे, आणि त्याचे उत्तर देताना साम्राज्याचा गौरवही होत नाही आणि धिक्कारही होत नाही.

असे काम करायचे तर त्याला नवा कायदा लागत नाही. त्यासाठी पुतळ्याचा आग्रह तर मुळीच लागत नाही. तसाही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानंतर सार्वजनिक रस्त्यावर पुतळा उभारायला परवानगी देता येत नाही. एक वही, तिच्यात प्रत्येक नावापुढे वाडी, घर, पलटण, मृत्यूचे ठिकाण आणि ही माहिती कोठून मिळाली याचा रकाना, अस्तित्वात असलेल्या दगडाची स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत रीतसर नोंद, आणि अंदाजपत्रकात देखभालीची एक छोटी पण कायमची तरतूद एवढे पुरते. ज्यांचे नाव सापडत नाही त्यांच्यासाठी वहीत ओळ कोरी सोडावी, आकडा तेवढा लिहावा. हा विषय ग्रामसभेत आला तर तो इतिवृत्तात शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत येऊ नये. सूचक-अनुमोदकांच्या नावांसह, पाणीपट्टी आणि घरपट्टीच्या विषयांच्या रांगेत, त्याला विषयपत्रिकेवर स्वतःचा क्रमांक असावा.