अरुंद जागी कोण थांबणार?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पश्चिम भागात, पॉ पॉ गावाजवळ, पोटोमॅक नदीकाठची खडी-मुरमाची वाट एका डोंगरापाशी येते आणि सरळ त्याच्या पोटात शिरते. बोगदा ३,११८ फुटांचा, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर लांब. आत दिवे नाहीत. दिवसभर सायकल चालवत आलेले प्रवासी इथे उतरतात, कपाळाला बॅटरी बांधतात आणि सायकल हाताने ढकलत आत जातात. डोक्यावर विटांची कमान, पायाखाली खाचखळगे आणि साचलेलं पाणी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा, आणि कठड्यापलीकडे कालव्याचं काळं, हलकंसं चमकणारं पाणी. कठड्यावरून हात फिरवला की बोटं लाकडातल्या गुळगुळीत खाचांत जातात. नावा ओढणाऱ्या दोरांनी वर्षानुवर्षं घासून त्या पाडल्या आहेत.

मध्यावर कुठेतरी समोरून दुसरी बॅटरी येताना दिसते. वाट इतकी चिंचोळी, की एकाने भिंतीला टेकून उभं राहिल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाता येत नाही. मग कोण थांबणार?

या खोऱ्यात हा प्रश्न दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे.

वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत जाणारी ही वाट १८४.५ मैलांची, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरची. मोटारींना इथे प्रवेश नाही. मुळात ही वाट माणसांसाठी नव्हतीच. ती खेचरांची होती. शेजारच्या चेसापीक अँड ओहायो कालव्यातून कोळशाने भरलेल्या नावा जात आणि काठावरून चालणारी खेचरं त्या लांब दोराने ओढत. एवढ्या अंतरात चढ आहे अवघा ६०५ फुटांचा, आणि तोही ७४ ठिकाणी पायऱ्या पाडल्यासारखा वाटून दिलेला. या प्रत्येक पायरीला ‘लॉक’ म्हणतात: दगडी हौद, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडून पातळी वाढवायची, पुढचा दरवाजा उघडायचा. हौदाची रुंदी १५ फूट आणि नावेची जवळजवळ साडेचौदा. सुकाणू धरणाऱ्याचं कसब त्या अर्ध्या फुटात पणाला लागायचं.

कालव्यात दोन नावा समोरासमोर आल्या तर काय, याचा रिवाज ठरलेला होता. रिकाम्या नावेने थांबायचं, भरलेलीला जाऊ द्यायचं. थांबलेल्या नावेची खेचरं उभी राहत, दोर सैल पडून पाण्यात तळाशी जाई आणि भरलेली नाव त्या बुडालेल्या दोरावरून अलगद पुढे सरके. आपल्याकडे घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतात, त्यातलाच हा शहाणपणा: ज्याच्या पाठीवर ओझं जास्त, त्याला थांबायला लावायचं नाही.

पण बोगद्यात शेजारून जायला जागाच नव्हती. तिथली एक गोष्ट आजही सांगितली जाते. दोन नावा आत समोरासमोर आल्या आणि दोघांपैकी एकही नावाडी मागे हटेना. दिवसांमागून दिवस गेले, दोन्ही बाजूंना नावांची रांग लागली. शेवटी कालव्याच्या माणसांनी बोगद्याच्या तोंडाशी मक्याच्या ओल्या ताटांचा धूर केला, तेव्हा दोघं बाहेर पडले. गोष्टीत तिखटमीठ किती आणि खरं किती, हे बाजूला ठेवू. धुराने दोघांना बाहेर काढलं, पण कुणी कुणाला वाट दिली असं मात्र झालं नाही.

याहून मोठी अडवणूक कालवा जन्मला त्याच दिवशी सुरू झाली होती. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कालव्यासाठी पहिलं फावडं मारलं. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला चार्ल्स कॅरोल यांनी, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हयात असलेल्या शेवटच्या माणसाने. दोघांनाही पश्चिमेकडे जायचं होतं, दोघांनाही पोटोमॅकचंच खोरं हवं होतं. पॉइंट ऑफ रॉक्सपाशी डोंगर थेट नदीला भिडतो. तिथल्या चिंचोळ्या पट्टीवर आधी हक्क कुणाचा, यावर दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. १८३२ मध्ये निकाल कालव्याच्या बाजूने लागला. तरी पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या अरुंद जागेतून कालवा आणि रूळ शेजारी शेजारी गेले. आजही तिथून सायकल जाते तेव्हा एका हाताला नदी असते, दुसऱ्या हाताला कोरडा कालवा आणि त्यापलीकडे धडधडत जाणारी मालगाडी. जागा दोघांनाही पुरली.

मजुरांच्या वाट्याला मात्र अशी तडजोड आली नाही. कालवा खणला तो मुख्यतः आयर्लंडहून आलेल्या आणि त्यांच्या जोडीच्या जर्मन, इंग्रज कामगारांनी. १८३२ मध्ये त्यांच्या वस्त्यांत कॉलरा शिरला. ठेकेदारांचे पैसे संपले की मजुरी अडकायची, पोट जळायचं आणि टोळ्या एकमेकांवर धावून जायच्या. १८३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी इथे लष्कर पाठवलं. दोन वर्षांत होईल म्हणून हाती घेतलेल्या पॉ पॉ बोगद्याला चौदा वर्षं लागली. आत लागलेल्या विटांची संख्या साठ लाखांच्या घरात आहे. बॅटरीच्या उजेडात त्या विटांकडे पाहताना हा हिशेब आठवायला हवा. इथली शांतता फुकट मिळालेली नाही आणि तिची किंमत मोजणाऱ्यांना ती कधी अनुभवता आली नाही.

१८५० मध्ये कालवा कंबरलँडला पोचला. रेल्वे तिथे आठ वर्षं आधीच येऊन थांबली होती. तरी त्याने तग धरला. १८८९ च्या महापुरानंतर ताबा त्याच रेल्वेच्या हाती गेला, १९२४ च्या पुरानंतर नावा कायमच्या थांबल्या आणि १९३८ मध्ये अमेरिकन सरकारने वीस लाख डॉलर देऊन सगळा पट्टा विकत घेतला. खालच्या बावीस मैलांची डागडुजी केली ती मंदीच्या काळात सरकारी कामावर आलेल्या कृष्णवर्णीय तरुणांनी. त्यांच्या छावण्या गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

मग या पडीक जमिनीचं करायचं काय? १९५० च्या सुमारास सरकारी योजना पुढे आली ती मोटार रस्त्याची. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने जानेवारी १९५४ मध्ये अग्रलेख लिहून तिची पाठराखण केली. त्यामागे दुष्टपणा नव्हता, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. हे सौंदर्य मूठभर लोकच पाहतात, रस्ता झाला तर सामान्य कुटुंबालाही ते दिसेल, असा तो विचार होता. लोकशाहीत हा मुद्दा हलका नाही.

त्याला उत्तर दिलं विल्यम डग्लस यांनी. ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, वय पंचावन्न. लहानपणी आजारपणाने पाय अशक्त झाले, ते त्यांनी डोंगर चढून चढून बळकट केले होते. १९ जानेवारीला त्यांचं पत्र त्याच वृत्तपत्रात छापून आलं. मोटारीच्या काचेतून दिसणारं आणि पायी जाताना भेटणारं यांत किती फरक आहे ते त्यांनी सांगितलं, आणि पुढे अग्रलेख लिहिणाऱ्यालाच निमंत्रण दिलं: माझ्याबरोबर पूर्ण अंतर चालून या, मग ठरवा.

पत्रातला युक्तिवाद कुणीही केला असता. निमंत्रण देणं अवघड होतं. प्रतिपक्षाला आठ दिवस सोबत घ्यायचं म्हणजे त्याचे प्रश्न आठ दिवस ऐकायचे, त्याच्याबरोबर जेवायचं, त्याच थंडीत झोपायचं. आपलं म्हणणं कच्चं निघण्याचा धोकाही पत्करायचा. आणि निमंत्रण स्वीकारणंही तितकंच अवघड. मर्लो प्युसी आणि रॉबर्ट एस्टाब्रुक या दोन संपादकांनी ते स्वीकारलं. आपल्या छापील मतासाठी १८४ मैलांची पायपीट ओढवून घेणारे संपादक कुठल्याही देशात फार नसतात.

२० मार्च १९५४ ला कंबरलँडहून चालायला सुरुवात झाली. ५८ जण या पदयात्रेत सामील झाले, पूर्ण अंतर चालले ते नऊ, आणि त्यांत डग्लस होते. वाटेत बर्फ पडला, पायांना फोड आले. आठव्या दिवशी वॉशिंग्टनला पोचेपर्यंत बातमी देशभर गेली होती. त्यानंतर ‘पोस्ट’ने लिहिलं की आमचं मत काही प्रमाणात बदललं आहे. पूर्ण नव्हे, काही प्रमाणात. काठाने अखंड रस्ता नको, निसर्गाचे मोठे पट्टे तसेच राहू द्यावेत, पण थोड्या भागात रस्ता असायला हरकत नाही, अशी ती भूमिका होती.

त्या ‘काही प्रमाणात’ची किंमत मोठी आहे. मत बदललं म्हणणारा हरला असं आपण धरून चालतो, म्हणून घरात, सोसायटीच्या बैठकीत, टीव्हीवरच्या चर्चेत कुणी मत बदलायलाच तयार होत नाही. संपादकांनी जेवढं पटलं तेवढं मान्य केलं, जे पटलं नाही ते राखून ठेवलं आणि दोन्ही छापलं. डग्लस यांनीही अर्ध्या होकारावर विजयाचे नगारे वाजवले नाहीत. पुढची अनेक वर्षं ते सोबत्यांना घेऊन ही वाट चालत राहिले. १९६१ मध्ये या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं आणि १९७७ मध्ये ते डग्लस यांना अर्पण करण्यात आलं.

संपादकांच्या पहिल्या प्रश्नाला, सामान्य कुटुंबाने हे पाहायचं कसं, पुढे सायकलने उत्तर दिलं. खेचरांसाठी राखलेली सपाटी दहा वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीतल्या आजोबांनाही झेपते. दर काही मैलांवर तंबू ठोकायला मोकळी जागा, हातपंप आणि शौचालय आहे. कंबरलँडच्या पुढे पिट्सबर्गपर्यंत, रेल्वेने सोडून दिलेल्या मार्गांवर १५० मैलांची खडीची वाट २०१३ मध्ये पूर्ण झाली. त्यामुळे आता सुमारे साडेपाचशे किलोमीटर मोटारींशिवाय जाता येतं. वाटेत हार्पर्स फेरी लागतं, जिथे गुलामगिरीविरुद्ध १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी उठाव केला. जवळच अँटिटमची रणभूमी आहे, जिथे १८६२ च्या सप्टेंबरात एका दिवसात सुमारे तेवीस हजार माणसं मेली, जखमी किंवा बेपत्ता झाली. मेरीलँड-व्हर्जिनियात स्थायिक झालेल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील आले, की ग्रेट फॉल्सची फेरी ठरलेली असते. धबधब्याकडे जाताना ज्या सपाट वाटेवरून ते चालतात, ती हीच.

चालणाऱ्यांना इथे सायकलस्वाराने वाट द्यायची असते; घोड्यांना आणि खेचरांनाही. वेग ताशी पंधरा मैलांच्या आत, आणि जलसेतूंवर सायकलवरून उतरायचं. जो वेगाने आला त्याने हळू जाणाऱ्यासाठी थांबायचं, हाच जुन्या नावाड्यांच्या रिवाजाचा पुढचा धागा आहे. महामार्गांवर नेमकं उलट चालतं. तिथे मोठ्या गाडीच्या हॉर्नला सगळे बाजूला होतात, आणि हळूहळू तेच आपल्याला नैसर्गिक वाटू लागतं.

बोगद्यातल्या दोन बॅटऱ्या आता जवळ आल्या आहेत. सायकलवाला हँडल वळवतो, मागची पिशवी घासू नये म्हणून सायकल भिंतीला लावतो आणि पाठ विटांना टेकवतो. समोरून म्हातारं जोडपं येतं, बाई पुढे, तिचा हात कठड्यावर. ती बॅटरी खाली जमिनीकडे वळवते, म्हणजे त्याच्या डोळ्यांवर येऊ नये. दोघं डबकी चुकवत सावकाश निघून जातात. पावलांचा आवाज बराच वेळ कमानीत घुमत राहतो, आणि तो थांबेपर्यंत सायकलवाला तसाच उभा असतो.