बोथट सुरी

आमच्या घरात दीड वर्ष एक सुरी बोथट ठेवण्यात आली होती. ‘ठेवण्यात आली होती’ हा प्रयोग लेखणीतून सहज उतरला; परंतु तो सोयीचा आहे, प्रामाणिक नाही. ती बोथट ठेवणारा मी होतो, आणि हे कबूल करण्यास मला बराच काळ लागला.

सुरी आईची. त्या वेळी आईला ७८ वर्षे झाली होती. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होते. ते तिला कोणी दिले म्हणून नव्हे, तर तिच्याकडून ते मागून घेण्याचे धैर्य कोणाला झाले नाही म्हणून. गुडघे दुखू लागले तेव्हा तिने खाली बसून विळीवर चिरणे सोडले आणि ओट्याशी उभी राहून ती सुरी वापरू लागली. पुढे तिचा उजवा हात थरथरू लागला. सकाळी चहाची कपबशी घेऊन ती बाहेर आली की कप बशीवर किणकिणत असे. सणासाठी आलेल्या माझ्या बहिणीने तिला कांदा चिरताना पाहिले आणि मला मागच्या पडवीत बोलावून ती म्हणाली, “दादा, तिच्या हातात धारेचं काही देत जाऊ नकोस. एखाद्या दिवशी बोट जाईल.”

बहिणीचे म्हणणे काळजीपोटी होते. माझेही मन तिकडेच झुकले. पण आईच्या हातून सुरी काढून घेणे म्हणजे घरात वादळ. तेव्हा मी एक मधला मार्ग काढला, म्हणजे काहीच केले नाही. दर पंधरवड्याला शनिवारी संध्याकाळी दगडावर सुरी घासण्याचा माझा परिपाठ होता, तो मी बंद केला. सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारीत चाक फिरवणारा धारवाला आळीत हाक घालीत आला की आई आतून विचारी, “सुरी देतोस ना रे त्याला?” आणि मी म्हणे, “पुढच्या खेपेला देऊ.” इतकेच नव्हे, तर माझी पत्नी संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी दुसरी, चांगली धारदार सुरी वापरीत असे, ती आम्ही वरच्या फळीवर, आईचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवीत होतो. हे सारे लिहून काढताना कसे दिसते ते मला आज कळते. त्या वेळी मी त्याला जपणूक म्हणत होतो.

पुढे काय घडले असेल ते ज्यांनी बोथट सुरी वापरली आहे त्यांनी ओळखले असेलच. लाल भोपळ्याची फोड करताना पाते सालीत शिरेना. आईने शरीराचा भार दिला. पाते सालीवरून घसरले आणि भोपळा धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीत रुतले. तीन टाके पडले. डॉक्टरांनी जखम पाहून सांगितले की पाते नीट धारेचे नसावे, कारण कातडी चिरली गेली नव्हती, फाटली होती.

ह्यात गूढ असे काही नाही. धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती रेषा. ती जितकी बारीक, तितक्या थोड्या जागेवर हाताचा दाब एकवटतो आणि तितक्या थोड्या बळाने काम होते. ती रेषा झिजून गोलसर झाली की तोच दाब पसरतो; मग आपण बळ वाढवतो, आणि वाढवलेले बळ पाते घसरल्यानंतर कुठे तरी जावेच लागते. धारदार सुरी जिथे ठेवाल तिथे शिरते. बोथट सुरी कुठे जाईल हे तिचे तिलाही ठाऊक नसते. उपदेशक ह्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायातील दहावी ओवी हेच सांगते: लोखंड बोथटले आणि त्याची धार काढली नाही, तर माणसाला अधिक जोर लावावा लागतो. ओवीचा उत्तरार्ध हिब्रूमध्ये संदिग्ध आहे आणि भाषांतरकारांनी तो निरनिराळ्या प्रकारे लावला आहे. पूर्वार्धाबद्दल मात्र कोणा सुताराला किंवा स्वयंपाकिणीला शंका येणार नाही. मी तो पूर्वार्ध अनेकदा वाचला होता. अधिक जोर कोणी आणि कुठून आणायचा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

टाके काढल्यावर एक दिवस आईने ती सुरी उचलली, अंगठा पात्यावर आडवा, हलकेच फिरवून पाहिला आणि मला विचारले, “हिला धार कधी लावली होतीस?”

मी म्हणालो, “आई, तुला लागू नये म्हणून...”

“लागायचं ते लागलंच की,” ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “आणि दीड वर्ष मला वाटत होतं, माझ्या हातातलंच बळ गेलं.”

तीन टाक्यांचे मला वाईट वाटले होते; ह्या वाक्याने मात्र मी हादरलो. कापलेले बोट महिन्याभरात भरून आले. परंतु दीड वर्ष रोज सकाळी एक स्त्री टोमॅटोच्या सालीशी झगडत होती आणि दर वेळी दोष स्वतःच्या मनगटाला देत होती. हात थरथरतो हे तिला माहीत होते. तो निकामी झाला आहे, हे तिला मी शिकवले, एक शब्दही न बोलता. घरातील एक वस्तू तिच्याशी खोटे बोलत होती आणि ते खोटे त्या वस्तूच्या तोंडी घालणारा मी होतो. आता आठवते, त्या काळात तिने मोठ्या मेजवानीचा स्वयंपाक आपण होऊन सोडला होता. “आता होत नाही,” असे ती म्हणे. आणि आम्ही, सारे काही ठाऊक असूनही, समजूतदारपणे मान डोलावत होतो.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, पहिल्याच भागात, न्याय म्हणजे काय ह्या चर्चेच्या आरंभी सॉक्रेटिस एक उदाहरण देतो. मित्राने शहाणपणी आपल्याकडे शस्त्र ठेवायला दिले आणि पुढे वेडाच्या भरात ते परत मागितले, तर ते द्यावे काय? देऊ नये, हे सर्वांना मान्य होते. परंतु त्याच वाक्यात सॉक्रेटिस आणखी एक गोष्ट जोडतो, तिच्याकडे माझे पूर्वी लक्ष गेले नव्हते: अशा स्थितीतील माणसाला संपूर्ण सत्य सांगणेही बरोबर ठरणार नाही. शस्त्र आणि सत्य त्याने एका दमात घेतले आहे. ते स्वाभाविक वाटते. ज्याच्या हाती आपण पाते देऊ शकत नाही, त्याच्या कानी सत्यही घालू शकत नाही असे ठरवून टाकणे फार सोपे असते. एक दार लावले की दुसरे आपोआप लागते.

सॉक्रेटिसचा निवाडा मला आजही मान्य आहे. लहान मुलाच्या हाती, संतापाने अंध झालेल्याच्या हाती, जगण्याला विटलेल्याच्या हाती धार द्यायची नसते. तिथे सुरी लपवणे हेच प्रेम. सुरीवर प्रत्येकाचा सारखाच हक्क आहे असे म्हणणारा माणूस कधी आजाऱ्याच्या उशाशी बसला नसावा. पण माझ्या आईची बुद्धी शाबूत होती. थरथरत होता तो हात. आणि हाताच्या दुखण्यासाठी मी तिला त्या वेड्या मित्राच्या जागी नेऊन बसवले, तेही तिला न विचारता. “आई, मला भीती वाटते, सुरी आता माझ्याकडे दे,” असे मी उघडपणे म्हणालो असतो तर भांडण झाले असते; चार दिवस अबोला झाला असता. पण त्या भांडणात ती माझ्या बरोबरीची राहिली असती. नकार देण्याची, रागावण्याची, कदाचित माझे म्हणणे पटवून घेण्याची संधी तिला मिळाली असती. बोथट सुरीने हे सारे तिच्याकडून काढून घेतले.

(हे केवळ स्वयंपाकघरात चालते असे नाही. आपल्या मंडळांमधून आणि संस्थांमधून वयोवृद्ध कार्यकर्त्यांना ‘सल्लागार’ करण्याची एक रीत आहे. त्यांचे नाव पत्रिकेवर वरच्या ओळीत छापतात, सभेचे निमंत्रण मात्र सभा झाल्यावर पोहोचते. आपल्या सल्ल्याला आता वजन उरले नाही असे त्या बिचाऱ्यांना वाटत राहते. असो.)

आणखी एक गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो होतो. विळी तिने स्वतःच सोडली होती. लग्नात माहेराहून आलेली, पुढे खोबरे खवण्याचे दात असलेली ती विळी, पन्नासहून अधिक वर्षे तिने पाटावर बसून चालवली; बोंबील, पापलेट, शेवग्याच्या शेंगा, सारे त्या पात्यावरून गेले. वर्षानुवर्षांच्या घासणीने पाते मूळच्या निम्म्यावर आले होते. एक दिवस तिने ती पुसली, पात्याला खोबरेल लावले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवायला माझ्या हाती दिली. कोणी सुचवले नव्हते. काय सोडावे आणि केव्हा सोडावे हे ज्या बाईला इतके नेमके कळत होते, तिच्यासाठी तो निर्णय घेण्याची मला काय घाई झाली होती? मला वाटते, भीती तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी अधिक होती. अपघात झाला तर दोष माझ्यावर येऊ नये, एवढीच माझी तजवीज होती. बोथट सुरीने कापले तर कोणी धार लावणाऱ्याकडे बोट दाखवत नाही.

तो दगड मी पुन्हा काढला. साधाच, बाजारी दगड. एक बाजू जाडी, दुसरी बारीक. सिलिकॉन कार्बाइडचा, ज्याला आपण कार्बोरंडम म्हणतो. एडवर्ड ॲचिसन ह्या अमेरिकन संशोधकाने १८९३ साली त्याचे पेटंट घेतले. त्याआधी मुख्यतः नैसर्गिक दगड वापरीत. आमच्या मागच्या दाराची काळ्या दगडाची पायरी एका कडेला बशीसारखी खोलगट झाली आहे, ती आजोबांच्या कोयत्यांनी. दगड दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवला की बुडबुडे येणे थांबते. मग तो ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. धारवाल्याच्या कोरड्या चाकावर जलद काम होते, पण ठिणग्या उडतात त्या जळत्या पोलादाच्या कणांच्या असतात. पाते निळसर होईतो तापले तर त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. घरच्या दगडावर पाणी असते, घाई नसते.

ह्या खेपेला आई शेजारी खुर्ची घेऊन बसली. तिने कोन दाखवला. सुरी उभी धरायची, तिच्या निम्म्याने कलती करायची, त्याच्याही निम्म्याने, आणि मग आणखी किंचित. अंशांत मोजले तर पंधरा ते वीस भरतील. तो कोन शेवटपर्यंत बदलू द्यायचा नाही, हीच सारी विद्या. मी जोर लावू लागलो की ती म्हणे, “दगडाला करू दे.” एका बाजूने पुरेसे घासले की पलीकडच्या कडेवर नजरेला न दिसणारी एक खरखर उभी राहते. माझ्या बोटाला ती लागेना. आईच्या बोटाला, टाक्यांचा वण असलेल्या त्याच तर्जनीला, ती लगेच लागली. “आली. आता उलट.” तिचा हात थरथरत होता आणि बोटाची जाण पूर्ण शाबूत होती, दोन्ही एकाच वेळी खरे होते, आणि दीड वर्ष मी त्यांतले एकच खरे धरून चाललो होतो.

दगडावर करडा चिखल जमला. त्यात दगडाचे कण असतात तसे पात्याचेही असतात. प्रत्येक वेळी धार लावताना सुरी थोडी संपते. च्वांग-त्झूच्या ग्रंथात एका खाटकाची गोष्ट आहे: तो एकच सुरी १९ वर्षे वापरतो आणि ती नुकतीच दगडावरून उतरल्यासारखी राहते, कारण तो सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून पाते नेतो; हाडाला ते लागतच नाही. गोष्ट सुंदर आहे. पण घरगुती माणसांना हाडे टाळता येत नाहीत. आमच्या सुऱ्या पाटाला लागतात, बियांना लागतात, एकमेकींना लागतात, आणि म्हणून घरात दगड ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. आईने टोमॅटो घेतला. साल दबली नाही, पाते उतरले. तिने चकती उचलून उजेडाकडे धरली. हात थरथरत होता, चकतीही. माझ्या पोटात गोळा आला होता, आणि आजही शनिवारी धार लावून सुरी मुठीकडून तिच्या हाती देताना तो येतो. तो जाईल अशी माझी अपेक्षा नाही. वरच्या फळीवरची सुरी आम्ही खाली आणली आहे.

आज ती ८१ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात बाजारातून भोपळा आणला, तेव्हा तिने तो हातात घेऊन पाहिला, साल नखाने दाबली आणि माझ्याकडे सरकवला. “हा तू फोड,” ती म्हणाली, “कांदे मी चिरते.”