एक मीटर, तीन टेबलं

चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४५च्या पुढे. जटपुरा गेटच्या आसपास एका गाळ्यात तिघं बसतात असं समजू : एक वकील, एक कर सल्लागार, एक विमा एजंट. किराया तिघांत, मीटर एकच. दोघांचं कूलरवर भागतं. तिसऱ्यानं एसी लावलाय आणि तो कित्येकदा रात्रभर चालू ठेवूनच घरी जातो. बिल आलं की म्हणतो, ‘तीन भाग करा ना, ठरलंच आहे तसं.’ पुढे त्याच्याकडून तो एक भागही वेळेवर येईनासा होतो, मग किरायाही थकतो.

‘माझा वाटा मी भरला’ हे म्हणणं अशा वेळी फारसं कामी येत नाही. तिघांनी एकत्र सह्या केल्या असतील आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर १८७२च्या करार कायद्याच्या ४३व्या कलमानुसार मालक पूर्ण किराया कुणाही एकाकडून मागू शकतो. ज्यानं भरला त्यानं बाकीच्यांकडून वसूल करावा. एकाकडून काहीच निघालं नाही, तर ती तूट उरलेल्या दोघांनी सारखी सोसायची. म्हणून रागाच्या भरात किराया अडवून धरणं सगळ्यात महागात पडतं. आधी मालकाचे पैसे बँकेतून पूर्ण भरावेत, मग थकवणाऱ्याचा वाटा लेखी मागावा. कुलूप बदलण्याचा मोह तर आवरावाच. बेकायदा बाहेर काढलेला माणूस १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या ६व्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावू शकतो, आणि बिल बुडवणारा तो असूनही कोर्टात उत्तरं आपल्याला द्यावी लागतात.

खरं तर ही वेळ येण्याआधीच बोलायला हवं. बोलून ठरवण्याचं एक उदाहरण शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे, धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव. तिथल्या ग्रामसभेत बहुमत चालत नाही, निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचा विरोध असला तरी विषय थांबतो, पुन्हा बोलणं होतं. अभ्यासगट वेगळा बसतो, तिथे नुसती चर्चा. ठरवायचं ते ग्रामसभेत. मला गावाचं भाबडं कौतुक करायचं नाही. पण शेजारी तोच, जंगल तेच, नातवंडंही तिथेच राहणार, म्हटल्यावर बोलण्यावाचून सुटका नसते. आपल्या गाळ्यात मात्र करार अकरा महिन्यांचा. प्रत्येकाच्या मनात एक दुसरी जागा आधीच पाहून ठेवलेली असते, म्हणून एसीचा विषय कुणी काढत नाही. चहा मागवला जातो, क्रिकेट निघतं, बिल टेबलावर पालथं पडून राहतं.

मालकाशी झालेला करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतोच. तिघांचा आपसातला कागद मात्र कुणी सांगत नाही, तो आपणच करायचा. एसीला सबमीटर, सोडून जायचं तर किती आधी कळवायचं, डिपॉझिटमधला वाटा कुणी आणि कधी परत करायचा, एवढं लिहायला अर्धा तास पुरे. विषय मात्र जानेवारीत काढावा, एसी बंद असताना. मे महिन्यात, बिल हातात घेऊन, तो मेंढ्याच्या अभ्यासगटालाही जड गेला असता.