शौर्य त्यांचे, हुकूम आपला

डिसेंबर उजाडला की माजी सैनिकांचे सत्कार सुरू होतात. 7 तारखेला ध्वजदिन, 16 तारखेला विजय दिवस, पुढे 14 जानेवारीला माजी सैनिक दिन. 1971च्या लढाईत विशीत असलेली माणसे आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. तालुक्याच्या सभागृहात त्यांना पहिल्या रांगेत बसवतात. भाषणे होतात, शाल-श्रीफळ होते आणि वेळ उरला तर एखाद्या सुभेदारांना 'दोन शब्द' बोलायला सांगतात. त्यांच्या कोटावर पूर्वी स्टार आहे की पश्चिमी, म्हणजे हा माणूस बांगलादेशात लढला की पंजाब-राजस्थानच्या सीमेवर, एवढेही कुणी विचारत नाही. सत्कार करणाऱ्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही. पण आपण या माणसांचे नेमके काय देणे लागतो, याचा विचार झालेला नसल्यामुळे ती भावना संध्याकाळपर्यंत विरून जाते.

सैनिकाविषयी प्रश्न विचारूच नयेत असे मानणाऱ्यांना त्याचे ऐकायचेही नसते. त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही. सैनिकाचा सन्मान म्हणजे युद्धाचा उदो उदो, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या खंदकातला सोबती गमावलेल्या फौजीजवळ एकदा तासभर बसावे. गंभीरपणे घ्यायला हवे ते तिसरे मत, कारण त्यात न्यायाची चाड आहे. ते मत असे: सैन्य ही नोकरी आहे. माणूस पोटासाठी भरती होतो, पगार घेतो, पेन्शन आणि कँटीनची सवलत घेतो. गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगाराला कोण शाल देतो? मग फौजीचेच कौतुक कशासाठी?

यातले पहिले विधान मला पूर्ण मान्य आहे. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली असंख्य मुले पोटासाठीच पलटणीत गेली. त्यांच्या हेतूला उदात्ततेचा मुलामा देण्याची गरज नाही. पण भरती होताना माणूस नोकरी निवडतो, युद्ध निवडत नाही. 1965 कधी येणार, कुठल्या मोर्च्यावर जायचे, किती दारूगोळा घेऊन जायचे, हे त्याला कुणी विचारलेले नसते.

पेन्शनचा मुद्दाही सरसकट खरा नाही. पेन्शनपात्र सेवा पूर्ण होण्याआधी घरी परतलेल्यांना ती मिळत नाही. अशा 65 वर्षांवरच्या गरजू माजी सैनिकांसाठी केंद्राचे अनुदान आहे. ते महिना 4,000 रुपये होते; नोव्हेंबर 2025पासून 8,000 झाले. हातात डिस्चार्ज बुक आणि पदके, आणि म्हातारपण या रकमेवर, अशी माणसे अजून आपल्यात आहेत.

राहिली सफाई कामगाराशी तुलना. ती पुनःपुन्हा केली जाते, म्हणून तिचा शेवटपर्यंत विचार केला पाहिजे. त्या कामगाराची उपेक्षा ही आपली लाज आहे आणि एका उपेक्षेने दुसरीचे समर्थन होत नाही. पण दोघांची स्थिती एक नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. सैनिकाने हुकूम नाकारला तर 1950च्या लष्करी कायद्याखाली गुन्हेगार तोच ठरतो. गटारात कामगार मरतो तेव्हा कुणीतरी कायदा मोडलेला असतो. रणांगणावर सैनिक मरतो तेव्हा त्याने कायदा पाळलेला असतो. आणि त्याला मिळालेला हुकूम शेवटी ज्या सरकारकडून येतो, ते आपण निवडून दिलेले असते.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. शौर्य सैनिकाचे असते, हुकूम आपला असतो. शौर्याचे कौतुक करावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा भाग आहे. हुकुमाची जबाबदारी मात्र ऐच्छिक नाही. ती परमवीरचक्राच्या मानकऱ्याइतकीच लंगरमधल्या आचाऱ्याविषयी आणि रसद पोचवणाऱ्या ड्रायव्हरविषयी आहे. जिंकलेल्या लढाईइतकीच ती हरलेल्या लढाईतही आहे; किंबहुना तिथे अधिक.

याची कसोटी 1962 आहे. मराठी माणसाच्या आठवणीत ते वर्ष 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' या वाक्याने सुरू होते आणि तिथेच संपते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले याचा अभिमान रास्त आहे. पण त्याआधी नामका चू नदीच्या काठी सुती कपड्यांत, मोजक्या काडतुसांनिशी उभे केलेले जवान 20 ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ल्याला सामोरे गेले. जे पकडले गेले ते पुढच्या वर्षी परतले, तेव्हा त्यांची रांचीला चौकशी झाली. ज्यांनी त्यांना तिथे पाठवले, त्यांच्या निर्णयांचा हिशेब मात्र देशापुढे कधीच झाला नाही. त्या पराभवाच्या हेंडरसन ब्रूक्स चौकशीबाबत यशवंतरावांनी सप्टेंबर 1963मध्ये लोकसभेत निवेदन केले. पण मूळ अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. त्या युद्धातले उरलेसुरले सैनिक ऐंशीच्या पुढे गेले आहेत.

दुसरी कसोटी श्रीलंका. 1987 ते 1990 या काळात तिथे भारतीय शांतिसेनेचे अकराशेहून अधिक सैनिक मारले गेले. परमवीरचक्र मिळालेले 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांतलेच, आणि ते जन्माने मुंबईचे. मार्च 1990मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. धोरण चुकले असेल. मला वाटते ते चुकलेच. पण धोरण चुकल्याचा हिशेब जवानाच्या नावावर मांडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? जाफन्यात पाय गमावलेल्या माणसाचे आपल्यावरचे ऋण कारगिलच्या जवानाइतकेच आहे.

हे ऋण शालीने फिटत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी या वृद्धांच्या आठवणी मराठीत, त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्याव्यात. सेनाधिकाऱ्यांची आत्मचरित्रे आहेत; शिपाई, सिग्नलवाले, आचारी यांचे शब्द त्यांच्याबरोबर जात आहेत. त्या आठवणी गौरवाच्याच असतील असे नाही. बूट फाटके होते, नकाशा चुकीचा होता, साहेबांनी ऐकले नाही, असेही ते सांगतील. तेही तसेच नोंदवले पाहिजे. 1962चा अहवाल खुला करावा ही मागणीही आपण त्यांच्या वतीने केली पाहिजे. आपल्याला कुणी आणि का पाठवले, हे जाणून घेण्याचा हक्क त्यांना आहे. त्यांनी हुकूम पाळला. आता त्याचे उत्तर देण्याची पाळी आपली आहे.