लाभक्षेत्र

रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेल्या कारेगावात भाच्याच्या सहा खोल्या आहेत, भाड्यानं दिलेल्या. शिरूर तालुक्यातल्या या पट्ट्यात शेतापेक्षा खोल्यांचं उत्पन्न भरवशाचं. आत्या दौंड तालुक्यात केडगावजवळ राहते. तिचं माहेर आणि सासर दोन्ही मोसे खोऱ्यातली, दोन्ही वरसगाव धरणाच्या पाण्याखाली गेली. भाचा सल्ला मागायला आला तो घाईतच.

भाचा: आत्या, उद्यापर्यंत सांगायचंय. लेबर कॉन्ट्रॅक्टर सगळ्या खोल्या एकदम मागतोय. खोलीत सहा कॉट टाकणार, कॉटमागे पंधराशे. म्हणजे खोलीचे नऊ हजार, डिपॉझिट वेगळं. आज मला चार हजार मिळतात, तेही वीस तारीख उलटल्यावर.

आत्या: मग अडलंय कुठं?

भाचा: एका खोलीत नांदेडचं कुटुंब आहे. तो कंपनीत कंत्राटी, बायको मेसमध्ये पोळ्या लाटते, पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. बाकी खोल्यांत एकटी पोरं आहेत, ती आज इथं, उद्या सणसवाडीला. या कुटुंबाला काढायचं म्हणजे मधल्या सहामाहीत काढायचं. करार नाही, सगळं तोंडी. कायद्यानं माझा हात कुणी धरणार नाही.

आत्या: हात धरणारं कुणी नाही, म्हणूनच इथवर आलास ना?

भाचा: एक मात्र मला पटवून दे. आपल्याला उठवलं होतं. सरकारनं गाव बुडवलं, म्हणून सरकार आपलं देणं लागत होतं. हे लोक आपल्या पायांनी आले. यांचं देणं कोण लागतं?

आत्या: बुडालेलं गाव आणि कोरडं पडलेलं रान एक नाही, हे मला मान्य आहे. पण सांग, आपल्याला जमीन दौंडलाच का मिळाली?

भाचा: सरकारनं दिली म्हणून.

आत्या: सरकारच्या घरची नव्हती ती. वरसगावचं पाणी खडकवासल्यात उतरतं आणि तिथून कालव्यानं दौंड-इंदापूरकडं येतं. पुनर्वसनाचा 1976 चा कायदा म्हणाला, ज्यांच्या रानात हे पाणी खेळणार, त्यांच्यातल्या मोठ्या खातेदारांनी ठरावीक मर्यादेवरची जमीन धरणग्रस्तांसाठी सोडायची. त्या शेतकऱ्यांनी आपलं गाव बुडवलं नव्हतं. दोष त्यांचा नव्हता, लाभ त्यांचा होता. कायद्यानं तेवढं पुरेसं मानलं. तुझी खोली कशामुळं भाड्यानं जाते? बाहेरून माणूस कामाला येतो म्हणून. मग तूही लाभक्षेत्रातच आलास.

भाचा: बोलायला गोड आहे. पण त्या शेतकऱ्यांना विचार. सातबाऱ्यावर पुनर्वसनाचा शेरा पडला, मग ना विकता येईना, ना वाटणी करता येईना. आमच्या शिरूरकडं चासकमानच्या कालव्याखाली तेच झालं. आणि धरणग्रस्त तरी कुठं सुखी झाले? भरपाईतले पासष्ट टक्के परत भरा, मग जमीन मागा. ज्यांचे पैसे कर्जात आणि लग्नांत गेले, ते बसले कोर्टाच्या पायऱ्या चढत. देणारा रडला, घेणारा रडला. असलं तत्त्व माझ्या खोल्यांना लावतेस?

आत्या: तत्त्व चुकलं नाही, वसुली चुकली. खडकवासल्याचं पाणी सगळ्यात आधी कोण पितं? पुणं. पुण्यानं धरणग्रस्ताला एक गुंठा दिला का? ज्याचं नाव सातबाऱ्यावर सापडलं, त्याच्याच दाराशी सरकार गेलं.

भाचा: हेच तर मी म्हणतोय! मी सापडतो, म्हणून माझ्याच दाराशी यायचं. कंपनीला स्वस्तात माणूस मिळतो, ठेकेदाराला कमिशन, ग्रामपंचायतीला कंपन्यांचा कर. दुकानदार, मेसवाला, रिक्षावाला सगळे कमावतात. आणि माणुसकी फक्त खोलीमालकानं दाखवायची? पतसंस्थेचा हप्ता माझा मी भरतो.

आत्या: (थोडं थांबून) बरोबर बोललास. इथं मला माझंच बोलणं दुरुस्त करावं लागेल.

भाचा: मग देऊ ठेकेदाराला?

आत्या: थांब. आधी एक सांग, तुला लाभच नसता तर? समज, नांदेडवाला बेकार आहे.

भाचा: मग तर प्रश्नच मिटला. तुझ्या हिशेबानं मी काहीच देणं लागत नाही.

आत्या: तिथंच माझा हिशेब तोकडा पडतो. इथं केडगावात मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी बायका-मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, शहरात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर आणलं. त्या मुलींकडून रमाबाईंना कसला लाभ होणार होता?

भाचा: म्हणजे शेवटी दयाच.

आत्या: सुरुवातीला दयाच. पण रमाबाई दयेवर थांबल्या नाहीत. शेती काढली, माग बसवले, छापखाना चालवला. अंगात काम आलं की माणूस आश्रित राहत नाही. आणि आश्रय म्हटला की देणाऱ्याच्या अटी येतातच. धर्माच्या प्रश्नावरून रमाबाईंवर केवढी टीका झाली, ती त्यांच्या हयातीतच. दयेचं छप्पर देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. पण तुझा भाडेकरू त्या मुलींच्या जागी नाही. त्यांच्याकडं ना काम होतं ना छप्पर. याच्याकडं काम आहे, भाडं आहे. त्याला तुझी दया नकोच आहे.

भाचा: मग हवंय काय?

आत्या: दोन गोष्टी. परवडणारं भाडं आणि उद्या कुणी उठवणार नाही ही खात्री. तू दोन्हींची मोट बांधतोस, म्हणून तुला ओझं वाटतं. भाडं परवडावं ही सगळ्यांची जबाबदारी. ती तुझ्या एकट्याच्या खिशातून काढणं म्हणजे पुन्हा सातबाऱ्यावरच्या माणसालाच धरणं. पण मधल्या सहामाहीत उठवायचं की नाही, हे कंपनीच्या हातात नाही, सरकारच्याही नाही. ते तुझ्या हातात आहे. तुझा वाटा तेवढा.

भाचा: आणि ठेकेदाराची माणसं? तीही परमुलखातूनच आलेली. तीन माणसं राहतात तिथं सहा राहतील. जास्त लोकांची सोय झाली, हा न्याय नव्हे?

आत्या: संडास किती आहेत?

भाचा: दोन.

आत्या: छत्तीस माणसांना दोन! सोय म्हणतोस ती हीच का? आणि ठेकेदार परराज्यातून मजूर आणतो, तर त्यांच्या राहण्याची सोय त्यानंच करायची, हे 1979 च्या स्थलांतरित कामगार कायद्यातच होतं. तुझ्या खोल्या घेऊन तो उपकार करत नाही. आपली जबाबदारी नांदेडच्या पोरीच्या शाळेवर ढकलतो.

भाचा: गंमत बघ. तो कायदा आंतरराज्य. नांदेडवाला बिहारचा असता तर त्याच्या राहण्याचं कुणीतरी बघायचं होतं. आपल्याच राज्यातला, म्हणून कुणाच्याच यादीत नाही. उसाच्या टोळ्यांचंही तेच. बीडहून येतात आणि सहा महिने कोपीत काढतात.

आत्या: म्हणून म्हणते, करार कर. लिहून दे, पावती दे.

भाचा: अकरा महिन्यांचा करार म्हणजे बाराव्या महिन्यात मी मोकळा. त्यात त्यांची खात्री काय?

आत्या: मुदत मेमध्ये संपव. उठायची वेळ आलीच तर शाळेला सुट्टी असेल आणि दोन महिने आधी ठाऊक असेल. भाडं वाढवायचं तर वाढव, पण आधी सांगून.

भाचा: पाच हजार म्हटले तर?

आत्या: त्याला परवडतं का ते त्यालाच विचार. मी इथून कशी ठरवू?

भाचा: बरं. ठेकेदाराला सांगतो, भरलेली खोली मिळणार नाही. रिकामी झाली की एकेक घे, खोलीत चार कॉट, त्यावर नाही. पण तो ऐकणार नाही. शेजारचा मालक सहा कॉट लावायला तयारच बसलाय. मी चांगला वागलो म्हणून कारेगावात एकाही माणसाची गर्दी कमी होणार नाही, फक्त माझं उत्पन्न कमी होईल.

आत्या: होईल. हप्ता निघेल?

भाचा: जेमतेम.

आत्या: मग तुझा वाटा तू दिलास, त्याहून जास्त मी मागत नाही. पण बाकीच्यांचा वाटा मागायला कुणीतरी हवं. खोलीत किती माणसं, किती माणसांमागं संडास, हे ग्रामसभेत मांड. कंपन्यांचा कर येतो, त्यातून कामगारांसाठी काय केलं, तेही विचार.

भाचा: मी मालक. मीच मालकांविरुद्ध बोलू?

आत्या: मग कोण बोलणार? नांदेडवाल्याचं मत अजून नांदेडलाच आहे. कारेगावच्या ग्रामसभेत त्याला कुणी विचारत नाही. तुला विचारतात.