फळाची इच्छा आणि हसू

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्तिसंभव, नियत फलप्राप्ती आणि फलयोग. पाचही फळाशी बांधलेल्या आहेत. पात्राला काही हवेसे वाटल्याशिवाय नाट्य सुरूच होत नाही. भगवद्गीता मात्र फळाची आसक्ती सोडायला सांगते. आसक्तीतून काम, कामातून क्रोध आणि क्रोधातून संमोह अशी उतरण तिच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मग इच्छेवरच उभी राहणारी कला माणसाला आसक्तीत आणखी गुंतवते का? पाच मिनिटांच्या विनोदी लघुपटाचा प्रसंग आखतानाही हा प्रश्न टळत नाही.

पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतचा एक प्रसंग कल्पून पाहता येतो. पवना नदीचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून निगडीला शुद्धीकरणासाठी जाते. तरीही नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी येऊ लागले आणि सोसायट्यांत टँकरची वाट पाहणे नेहमीचे झाले. अशाच एका सोसायटीत टाकीच्या तळाशी थोडेच पाणी उरले आहे. आजींना सत्यनारायणाच्या पूजेआधी घर धुऊन काढायचे आहे. सेक्रेटरींना तेच पाणी रात्रीपर्यंत पुरवायचे आहे. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. विनोदी संघर्षाला खलनायक लागत नाही, रास्त इच्छाच एकमेकींच्या आड आल्या की पुरे. सेक्रेटरी व्हॉल्व्ह बंद करतात. आजी त्यांनाच पूजेला जोडीने बसायचा आग्रह करतात, ते मान देऊन होकार देतात, आणि आता अंघोळीला त्यांनाच पाणी हवे असते! स्वतःच केलेला नियम स्वतःच्या वाटेत येतो. इथे हसवते ती इच्छा नव्हे. तिला धरून ठेवणारी मूठ हसवते.

१९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटाची आखणीही अशीच आहे. चौघांना पुण्यात फक्त डोक्यावर छप्पर हवे आहे. घरमालकीण बिऱ्हाड देणार ते जोडप्यांनाच, म्हणून दोघांना बायका व्हावे लागते. गरज इतकी खरी असल्यामुळेच प्रत्येक नवी लबाडी प्रेक्षकाला आपलीशी वाटते.

गीतेच्या आक्षेपाला उत्तर इथेच मिळते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या विचारानुसार रंगभूमीवरची भावना कुणा एकाची खासगी राहत नाही. प्रेक्षक ती भोगतो, पण तिच्यात त्याचा स्वार्थ नसतो. टाकीतल्या पाण्यावर त्याचा हक्क नाही, म्हणून आसक्ती कशी काम करते हे त्याला स्वच्छ दिसते.

याला अट मात्र आहे. भरतमुनी स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगतात आणि ते उत्तम, मध्यम, अधम प्रकृतीच्या पात्रांत वाटून देतात. आजींना केवळ हेकट दाखवले, त्यांच्या इच्छेमागची श्रद्धा वगळली, तर हसू उपहासाकडे घसरते आणि प्रेक्षक स्वतःला त्यांच्यापेक्षा शहाणा समजू लागतो. तिथे साधारणीकरण तुटते. म्हणून प्रसंग आखताना प्रत्येक पात्राचे हवेपण आधी त्याच्याच बाजूने नीट समजून घ्यावे लागते. अडथळा त्यानंतर शोधायचा.